भाच्याच्या लॅपटॉपवर दिसतं, काउंटरवर दिसत नाही

प्रश्न : मिरजेत माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने आम्हाला ब्राउझरमध्ये चालणारं अ‍ॅप करून दिलंय. सॅम्पलची नोंद, मशीनवरचे आकडे, रिपोर्टची छपाई, सगळं त्यातच होतं. सर्व्हर म्हणजे आतल्या खोलीतला एक कॉम्प्युटर; बाकीच्या तिन्हींवर 192.168ने सुरू होणारा पत्ता टाकून अ‍ॅप उघडतो. काउंटरवरची मुलगी बिलिंगच्या टॅबमध्ये असते, त्यामुळे अर्जंट रिपोर्ट तयार झालेला तिला कळत नाही. मागच्या महिन्यात एका पेशंटचं पोटॅशियम 6.8, म्हणजे धोकादायक इतकं जास्त, आलं आणि वॉर्डला फोन जायला पाऊण तास लागला. म्हणून भाच्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात येणारं नोटिफिकेशन बसवलं. त्याच्या लॅपटॉपवर झकास चालतं. काउंटरवर मात्र काहीच येत नाही, परवानगीसुद्धा विचारत नाही. तो म्हणतो कोड बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?
(एक डॉक्टर वाचक, मिरज)

उत्तर : डॉक्टर, भाच्याला रागावू नका. कोड बरोबरच असणार, घोळ पत्त्यात आहे. तो स्वतःच्या लॅपटॉपवर अ‍ॅप ‘लोकलहोस्ट’ या पत्त्यावर उघडतो. लोकलहोस्ट म्हणजे घरातल्या घरात, त्याच कॉम्प्युटरवर, म्हणून ब्राउझर तो पत्ता सुरक्षित धरतो. काउंटरवर तेच अ‍ॅप साध्या एचटीटीपीने, नुसत्या आकड्यांच्या पत्त्यावर उघडतं आणि ब्राउझरच्या लेखी ते असुरक्षित ठरतं. असुरक्षित पानाला नोटिफिकेशनची परवानगी मागताच येत नाही. क्रोमने हा दरवाजा 2017 मध्ये बंद केला. वाईट भाग असा, की तो ओरडून काही सांगत नाही. विचारायच्या आधीच ‘नाही’ असं उत्तर देऊन गप्प बसतो. तुमच्या भाच्याने त्यापायी दोन रात्री तरी घालवल्या असतील. मी सांगलीतल्या एका हळदीच्या अडत्याकडे तीन घालवल्या होत्या.

उपाय म्हणजे एचटीटीपीएस, एचटीटीपीचाच सुरक्षित प्रकार. स्वतःच्या नावाचं एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घ्या आणि त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, तुमच्या सर्व्हरचा आतला पत्ता लिहा. एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून फुकट मिळतं. सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसत नसला तरी चालतं, कारण डोमेन तुमचंच आहे हे डीएनएसमध्ये एक नोंद टाकून सिद्ध करता येतं. प्रमाणपत्राची मुदत कमी असते, त्यामुळे ते आपोआप नवं होण्याची सोय पहिल्याच दिवशी करायला सांगा. नाहीतर सणासुदीच्या दिवशी लॅब उघडी, भाचा गावाला आणि प्रत्येक स्क्रीनवर लाल इशारा.

आता परवानगीकडे येते. बहुतेक जण पोरखेळ करतात तो इथे. पान उघडलं रे उघडलं की ‘नोटिफिकेशन दाखवू का?’ ही चौकट पुढे येते. माणूस आला आहे रिपोर्ट बघायला, चौकट आडवी आली की तो ‘ब्लॉक’ दाबून मोकळा होतो. मी स्वतः हे केलंय. एका ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या ऑफिसात सहा जणांसाठी अ‍ॅप बसवलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पाच जणांनी ब्लॉक केलेलं. सहावा त्या दिवशी रजेवर होता. एकदा ब्लॉक झालं की कोडमधून परत विचारता येत नाही. त्या माणसाने स्वतः पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन परवानगी बदलावी लागते, आणि ते कुणी करत नाही. नुसतं ‘नंतर बघू’ म्हणून चौकट बंद केली तरी सुटका नाही. तीनदा बंद केली की क्रोम आठवडाभर ती चौकट दाखवतच नाही.

लोक किती वैतागले होते याचा हिशेब फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने मांडला होता. 2018च्या नाताळापासून महिनाभर त्यांनी फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत मोजलं, तर नोटिफिकेशनच्या शंभर चौकटींमागे तीनदेखील मंजूर होत नव्हत्या. म्हणून 2020च्या जानेवारीत आलेल्या 72व्या आवृत्तीपासून, माणसाने पानावर काही दाबल्याशिवाय फायरफॉक्स ही चौकट पुढे आणतच नाही. सफारीचाही तोच नियम आहे. तेव्हा भाच्याला सांगा, चौकट आपोआप आणू नकोस. काउंटरच्या पानावर एक बटण ठेव, त्यावर मराठीत लिही : ‘अर्जंट रिपोर्ट आला की मला सांग’. मुलगी ते बटण दाबेल तेव्हाच ब्राउझरची चौकट येऊ दे. कशासाठी विचारतायत हे तिला माहीत असेल, ती ‘अलाऊ’ म्हणेल. ही परवानगी पत्त्याला आणि त्या ब्राउझरला चिकटलेली असते, म्हणून नव्या डोमेनवर गेलात की प्रत्येक कॉम्प्युटरवर एकेकदा ते बटण दाबावं लागेल. इनकॉग्निटो खिडकीत काम करायची कुणाला सवय असेल तर तिथे क्रोम परवानगी देत नाही, हेही सांगून ठेवा.

बाकी तांत्रिक गोष्टी भराभर सांगते, भाच्याला कळतील. अ‍ॅप दर दहा सेकंदांनी सर्व्हरला ‘काही नवीन?’ असं विचारत असेल, तर टॅब मागे गेल्यावर तो वेग राहत नाही. 2021 मध्ये आलेल्या क्रोम 88पासून, पाच मिनिटं मागे पडलेल्या टॅबचे टायमर मिनिटातून एकदाच चालू शकतात. तुमच्या काउंटरवर अ‍ॅप मागेच असतं. म्हणून विचारत बसण्यापेक्षा वेबसॉकेट वापरावं, म्हणजे सर्व्हरच हाक मारतो. अ‍ॅप दोन-तीन टॅबमध्ये उघडं असेल तर एकाच रिपोर्टची तीन नोटिफिकेशनं येतील. प्रत्येकाला रिपोर्टच्या नंबरचा ‘टॅग’ दिला की नवं येताना जुन्याची जागा घेतं, ढीग होत नाही. ‘रिक्वायर इंटरॅक्शन’ हा पर्याय लावला की क्रोममध्ये कुणी हात लावेपर्यंत ते कोपऱ्यातून हलत नाही. अर्जंटला तेच हवं. आणि त्यावर क्लिक केलं की तो टॅब पुढे येऊन थेट तो रिपोर्ट उघडायला हवा. नुसतं मुखपृष्ठ उघडणारं नोटिफिकेशन म्हणजे दारावरची बेल वाजवून पळून जाणारं पोर.

‘टॅब बंद असला तरी यायला हवं’ असं कुणी सुचवलं तर तूर्त नको म्हणा. ते होतं, सर्व्हिस वर्कर (टॅब बंद असतानाही ब्राउझरला चालवता येणारा कोड) आणि पुश (सर्व्हरने ब्राउझरला धाडलेला निरोप) वापरून. पण पुशचा निरोप क्रोममध्ये गुगलच्या आणि फायरफॉक्समध्ये मोझिलाच्या सर्व्हरवरून फिरून येतो. लॅबचं इंटरनेट गेलं की तोही गेला. तुमचं सगळं चार भिंतींच्या आत आहे, तर टॅब पिन करून उघडा ठेवणं जास्त भरवशाचं.

एवढं करूनही काही दिसलं नाही तर ब्राउझर सोडून विंडोजकडे बघा. 2018पासून विंडोजवर क्रोमची नोटिफिकेशनं विंडोजच्याच यंत्रणेतून येतात, त्यामुळे तिथलं ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असेल तर ती स्क्रीनवर उमटत नाहीत. विंडोज 10 मध्ये याचं नाव ‘फोकस असिस्ट’. एका दवाखान्यात मी याच फोकस असिस्टपुढे हात टेकले होते. सकाळी नोटिफिकेशन यायचं, दहानंतर थांबायचं. शेवटी लक्षात आलं, की दहा वाजता रिसेप्शनिस्ट टोकन नंबर दाखवायला तीच स्क्रीन वेटिंग रूममधल्या टीव्हीवर लावते. स्क्रीन अशी दुसरीकडे जशीच्या तशी दाखवली की फोकस असिस्ट आपणहून चालू होतो, कारण विंडोजला वाटतं तुम्ही सभेत काही सादर करताय.

त्या टीव्हीवरून आणखी एक. नोटिफिकेशनमध्ये पेशंटचं नाव आणि तपासणीचं नाव एकत्र लिहू नका. काउंटरवरच्या स्क्रीनकडे पलीकडे उभ्या चार जणांचं लक्ष असतं. मिरजेसारख्या गावात एचआयव्हीच्या तपासणीपुढे आडनाव दिसलं तर बातमी रिपोर्टच्या आधी घरी पोचेल. ‘अर्जंट : सॅम्पल 214, वॉर्डला कळवा’ एवढं पुरे.

आणि फक्त अर्जंटच. प्रत्येक सीबीसीला, म्हणजे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीला, कोपऱ्यात काहीतरी उगवायला लागलं तर आठवड्याभरात मुलगी न बघता फुली मारायला शिकेल, आणि पुढचं 6.8 त्याच फुलीखाली जाईल. कुठल्या तपासणीचा कुठला आकडा अर्जंट, ती यादी भाच्याला करू देऊ नका. ती तुम्ही स्वतः बसून करा. नोटिफिकेशन उघडून ‘कळवलं’ हे बटण पाच मिनिटांत कुणी दाबलं नाही, तर तुमच्या मोबाइलवर एसएमएस जाईल अशीही सोय करून घ्या. कोपऱ्यातल्या चौकटीवर पोटॅशियम सोडून चालत नाही.

प्रश्न : पंचांग बघायला एक वेबसाइट उघडली होती. तेव्हापासून कॉम्प्युटरवर सारखं ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ असं येतं. फॉरमॅट करावा का?
(एक निवृत्त शिक्षिका, नाशिक)

उत्तर : नको, बाई. तो बहुतेक व्हायरस नाही, नोटिफिकेशनच आहे. पंचांगाआधी तुम्ही कुठेतरी ‘अलाऊ’ दाबलं असणार. ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’ असं लिहून ते दाबायला लावतात. येणाऱ्या चौकटीत बारीक अक्षरांत वेबसाइटचं नाव असतं, ते टिपून घ्या. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल, त्यातून ते नाव काढून टाका. ओळखीचं नसेल ते प्रत्येक नाव काढलंत तरी काही बिघडत नाही. त्या चौकटीत दिलेल्या नंबरवर फोन मात्र करू नका. केला असेल आणि पैसे गेले असतील, तर आधी बँकेला आणि लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं वेब-अ‍ॅप अँड्रॉइडवर नोटिफिकेशन देतं, आयफोनवर देत नाही. का?
(एक सेक्रेटरी, डोंबिवली)

उत्तर : आयफोनवर ही सोय 2023च्या मार्चमध्ये, आयओएस 16.4पासून आली, आणि तीही वेब-अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवलं असेल तरच. सफारीत शेअरचं चिन्ह, मग ‘अ‍ॅड टू होम स्क्रीन’. नंतर त्या आयकॉनवरून अ‍ॅप उघडून परवानगीचं बटण दाबायला सांगा. सभासदांना हे ग्रुपवर लिहून पाठवण्यापेक्षा पुढच्या सभेत दहा मिनिटं काढून फोन हातात घेऊन दाखवलंत तर लवकर होईल.