बागेचा सल्ला: उपटून न मरणारं तण

प्रश्न: ताई, नमस्कार. ऐरोलीला आमची सोसायटी आहे. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, लॉन आहे आणि कडेने जास्वंद, एक्झोरा, अनंत यांचे वाफे. गेल्या पावसाळ्यात मातीचा नवा ट्रक टाकून घेतला आणि तेव्हापासून वाफ्यांत एक चिवट गवत माजलंय. आता ते लॉनमध्येही शिरलंय. माळी उपटतो, चार दिवसांत पुन्हा हिरवंगार. कमिटीत तीन मतं आहेत. एकांचं म्हणणं व्हिनेगर आणि मीठ मारू. दुसरे म्हणतात तणनाशक आणून एकदाचं संपवू. माळी म्हणतो सगळं खणून कुदळीने उलथंपालथं करू. मुलं तिथेच खेळतात, दोन मांजरंही असतात. नक्की कशाने मरेल? फोटो पाठवते आहे. (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: फोटोत तांबूस तपकिरी तुरे स्पष्ट दिसताहेत. हा लव्हाळा आहे, गवत नव्हे. खात्री करायची तर तुऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून बघा. गवताचा दांडा गोल असतो, बोटांत सहज फिरतो. लव्हाळ्याचा तिधारी असतो, त्याच्या कडा बोटाला लागतात.

काहीही आणण्याआधी माझ्यासाठी एक काम करा. संध्याकाळी वाफ्याला भरपूर पाणी द्या आणि सकाळी एकच रोप, न उपटता, भोवतालच्या वीतभर मातीसकट उचला. तो गड्डा पाण्याच्या बादलीत ठेवून माती हलक्या हाताने सोडवा. रोपाच्या बुडाशी एक फुगीर गाठ दिसेल. तिच्यातून तारेसारखी बारीक, कडक मुळी निघालेली असेल, तिच्या टोकाला दुसरी गाठ, मग तिसरी. काही हरभऱ्याएवढ्या, काही बोराएवढ्या, काळपट केसाळ सालीच्या. एक नखाने फोडा: आत पांढरी, आणि वास थेट दिवाळीच्या उटण्यातल्या नागरमोथ्याचा. कमिटीच्या बैठकीत ही गाठींची माळ सगळ्यांना दाखवा. तिन्ही मतांवरचा निकाल त्या गाठीच देतात.

माळी उपटतो तेव्हा त्याच्या हातात फक्त पानं येतात, गाठी जागच्या जागी राहतात. शिवाय माळ अखंड असते तोवर बऱ्याचशा गाठी निजलेल्या असतात. ती तुटली की एकेकीला स्वतंत्र कोंब फुटतो. म्हणून कुदळीने उलथंपालथं केलं, तर महिनाभरात आधीपेक्षा दाट लव्हाळा उभा राहील. माळीदादांचा खणायचा विचार चुकीचा नाही, पण खणल्यावर गाठी वेचल्या नाहीत तर ती पेरणीच ठरते.

व्हिनेगरबद्दल. घरातल्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के अॅसिटिक आम्ल असतं. नुकत्या उगवलेल्या, दोन पानांच्या रोपट्याला ते जाळतं. लव्हाळ्याचीही पानं करपतील, संध्याकाळपर्यंत पिवळी दिसतील आणि सगळ्यांना वाटेल काम झालं. गाठीपर्यंत मात्र ते पोचत नाही. मिठाला माझा ठाम विरोध आहे. मीठ तण आणि अनंत यांत फरक करत नाही. पोडियमवर दीड-दोन फूट माती, खाली स्लॅब. तिथे मीठ मुरलं की ते शेजारच्या झाडांच्या मुळांशीच जाणार. मातीचा पोतही बिघडतो, ती घट्ट होते, पाणी धरून राहते. तण परवडलं, पण खारावलेली माती नको.

आता तणनाशक. बहुतेक लोकांच्या मनात असतं ते ग्लायफोसेट. हे १९७४ पासून बाजारात आहे, पानातून शिरून खाली मुळांपर्यंत जातं, त्यामुळे लव्हाळ्यावर त्याचा परिणाम होतो हे मी नाकारणार नाही. पण एका फवाऱ्यात सगळ्या गाठी मरत नाहीत. ज्या गाठीला त्या वेळी पान फुटलेलं नसतं, तिच्यापर्यंत औषध जायला वाटच नसते. ते निवडकही नाही, जास्वंदीच्या पानावर उडालं तर जास्वंदही जाईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. इतर काही नियामक संस्थांचं मत वेगळं आहे, वाद चालू आहे. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांमार्फतच वापरावं असा निर्बंध घातला. माळ्याच्या हातात पंप देऊन मारून घ्यायची ही गोष्टच नाही. पायात चप्पल, तोंडाला रुमाल नाही, अशा माणसाला आपण विषाच्या ढगात उभं करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक बघा. तुमच्या पोडियमचं पाणी पाइपातून गटारात, गटारातून नाल्यात आणि तिथून ठाणे खाडीत जातं. तीच खाडी, जिच्यात तुम्ही ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो बघायला जाता. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे फवारणी केली आणि तासाभरात सर आली, की पैसेही वाहून जातात आणि औषधही.

याहून जास्त काळजीने सांगते: कोणी ‘दोन दिवसांत गवत जळतं’ म्हणून पॅराक्वॉट नावाचं तणनाशक आणून दिलं, तर ते आवारात येऊ देऊ नका. त्यावर उतारा नाही. एखादा घोट पोटात गेला तरी माणूस दगावू शकतो. अशी औषधं पाण्याच्या बाटलीत ओतून माळ्याच्या खोलीत ठेवलेली मी पाहिली आहेत, तीही मुलांचा हात पोचेल अशा फळीवर. आणि इतकं करूनही पॅराक्वॉट फक्त पान जाळतं, गाठीला काहीच होत नाही.

मग मी काय करेन? वाफे आणि लॉन यांचा वेगवेगळा विचार करेन.

वाफ्यांत: पावसाळाभर दर दहा-पंधरा दिवसांनी खुरपं खोल घालून जितक्या गाठी येतील तितक्या काढायच्या. या अंतरामागे कारण आहे. नवा कोंब वर येतो तो गाठीतल्या साठ्यावर. पाच-सहा पानं झाली की तो स्वतः कमवायला लागतो, आणि साधारण तीन-चार आठवड्यांत खाली नवी गाठ धरायला सुरुवात करतो. त्याआधी काढला तर गाठीचा साठा खर्च होतो, जमा काहीच होत नाही. एक खाडा झाला की मागची सगळी मेहनत फुकट, म्हणून हे काम माळ्याच्या वेळापत्रकात तारखेनिशी लिहून ठेवा. काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, तिथे त्या मजेत जगतात. त्या गच्चीवर उन्हात पसरून खडखडीत वाळवा. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा बंद पिशवीत भरून ठेवा आणि ऊन पडलं की पसरा.

खरा हंगाम एप्रिल-मे. झाडं नसलेला एखादा वाफा रिकामा करता आला, तर सगळी माती बाहेर काढून ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसाआड फावड्याने हलवा. ओलावा गेला की लव्हाळ्याची गाठ मरते. आपलं मे महिन्याचं ऊन पंधरा दिवसांत हे काम करतं, त्याला एक पैसाही लागत नाही. मग माती जाड चाळणीतून काढा, राहिलेल्या गाठी वेचा आणि माती परत भरा. पोडियमवर एक फायदा आहे: स्लॅबच्या खाली गाठ जाऊ शकत नाही, त्यामुळे काम खरंच पुरं होतं. फक्त तळाशी पहार किंवा कुदळ चालवू नका. वॉटरप्रूफिंग फाटलं तर खालच्या पार्किंगमध्ये गळती सुरू होईल. शेवटची वीतभर माती घमेल्याने आणि हाताने काढा.

काळं प्लॅस्टिक अंथरायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. लव्हाळ्याचा सुईसारखा कोंब अंधारात सरळ वाढतो आणि प्लॅस्टिक भोसकून वर येतो. पारदर्शक प्लॅस्टिकखाली उजेड मिळाल्याने तो तिथेच पानं उघडतो आणि उष्णतेने होरपळतो. रिकाम्या वाफ्यावर, माती ओली करून, उन्हाळ्यात चार-सहा आठवडे ते घट्ट अंथरलं, कडा मातीने दाबल्या, तर इतर तणांचं वरच्या थरातलं बीही बरंचसं मरतं.

झाडं असलेल्या वाफ्यांत सावली वाढवा. लव्हाळा उन्हाचा भुकेला आहे. जास्वंद-एक्झोरा पसरू द्या, खाली वाळलेल्या पानांचा चार बोटं थर द्या. तो भेदूनही काही कोंब येतील, पण भुसभुशीत थरातून ते गाठीसकट काढणं सोपं जातं.

लॉनचं मात्र स्पष्ट सांगते: मुलं लोळतात त्या हिरवळीवर मी काही फवारणार नाही. शेतकरी उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन वापरतात, ते गवतवर्गीय पिकाला फारसा धक्का लावत नाही. पण कोणतंही औषध लेबलवर ज्या पिकासाठी लिहिलंय त्यासाठीच असतं, ते सोसायटीच्या लॉनवर ओढून आणू नये. लॉनमध्ये अरुंद खुरप्याने एकेक रोप काढा, खळगा चाळलेल्या मातीने भरा. फारच माजला असेल तो पट्टा उचलून, माती वाळवून, हिरवळीचं नवीन कार्पेट लावा. आणि पुढच्या वेळी मातीचा ट्रक आला, की उतरवण्याआधी चार ठिकाणची ओंजळभर माती पाण्यात सोडून गाठी बघा. आल्या तर ट्रक परत पाठवा.

दोन पावसाळे लागतील. कमिटीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऑगस्टमध्ये कोणी धीर सोडणार नाही.

प्रश्न: कासारवडवलीला आमच्या बंगल्याशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत उगवतं. आईच्या हाताला आणि मानेला खाज सुटते. काय फवारावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: इथे फवारणीची गरजच नाही. गाजरगवत फक्त बियांवर जगतं, त्याला गाठी नाहीत. मुळासकट उपटलं की ते रोप संपलं. मात्र फुलण्याआधी उपटा. एकेक रोप हजारोंनी बी टाकतं, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं दिसू लागतात. जून-जुलैत पाऊस पडून माती मऊ झाली की मूळ अलगद येतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, नाकाला मास्क हवाच. आईंना तिथे फिरकू देऊ नका आणि त्वचेच्या डॉक्टरांना गाजरगवताचा उल्लेख करून दाखवा. फुलं आली असतील तर आधी शेंडे कापून पिशवीत बंद करा, मग रोप उपटा. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी फेका. तो दाट वाढून गाजरगवताला जागा देत नाही, आणि कोवळा असताना भाजीही होते. पानं कुरतडणारे, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेले भुंगे दिसले तर मारू नका. हे मेक्सिकन भुंगे १९८४ पासून आपल्या देशात याच कामासाठी सोडलेले आहेत.

प्रश्न: वाशीला घरासमोरच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत गवत येतं. (एक वाचक)

उत्तर: उकळतं पाणी. किटलीच्या तोटीने थेट फटीत ओता, मुलांना लांब ठेवून, पायात बूट घालून. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. मेलेलं गवत खरवडून काढलं की फटींत कोरडी बारीक ग्रिट ठासून भरा आणि झाडूने सारखी करा, नाहीतर तिथे पुन्हा धूळ साचून बी रुजेल.