नेटवरचा टक्का बाबांना लागू पडतो का?

प्रश्न: माझ्या बाबांचं (वय 61) जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, केमोही पूर्ण झाली. रिपोर्टमध्ये टी3 एन1, 29 पैकी 2 गाठींमध्ये कॅन्सर, मार्जिन क्लिअर असं लिहिलंय. नेटवर पाच वर्षं जगण्याचा टक्का प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो. कोणता खरा धरायचा? आणि बाबांना सांगायचा का?

उत्तर: ताई, आधी रिपोर्टच नीट वाचू, कारण खरी माहिती त्यातच आहे. टी3 म्हणजे कॅन्सर जठराच्या स्नायूंच्या थरापलीकडे गेलाय पण सगळ्यात बाहेरचं आवरण फोडलेलं नाही. एन1 म्हणजे 1 किंवा 2 लसिका गाठींपर्यंत (जठराजवळच्या छोट्या लिम्फ नोड्सपर्यंत) पोचलाय. दुसरीकडे कुठे पसरलेला नसेल तर ही स्टेज 2बी होते. मला यातला 29 हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, लोक नेमका त्याकडेच बघत नाहीत. निदान 16 गाठी तरी तपासायला हव्यात असा नियम आहे, कारण समजा 8च गाठी काढल्या आणि त्यातल्या 2 निघाल्या तर उरलेल्या आत किती होत्या हे कोणालाच कळत नाही आणि मग स्टेज कागदावर खरीपेक्षा कमी दिसू शकते. तुमच्याकडे तसं नाही, 29 तपासून 2च निघाल्यात, त्यामुळे एन1 वर भरवसा ठेवता येतो. मार्जिन क्लिअर, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सर सापडला नाही, ही तर मोठीच जमेची बाजू.

आता टक्का वेगवेगळा का येतो, तर तो कोणत्या पेशंटवरून काढला यावर सगळं अवलंबून असतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये अशा हिशोबासाठी एक नोमोग्राम (पेशंटची माहिती घालून अंदाज काढायचा तक्ता) दिला, त्यात वय, ट्यूमरची जागा आणि प्रकार, खोली, कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या गाठी असं सगळं धरलंय, पण केमो धरलेली नाही! आणि केमोने किती फरक पडतो बघा: 2006 च्या मॅजिक नावाच्या ट्रायलमध्ये (पेशंटचे गट करून उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासात) नुसत्या ऑपरेशनवाल्या गटात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण 23 टक्के होतं, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो दिलेल्या गटात 36. त्यानंतर औषधं आणखी सुधारलीत. म्हणून जुना आकडा बघून घाबरू नका.

अजून एक गोष्ट, हे टक्के बहुधा निदानाच्या किंवा ऑपरेशनच्या वेळेपासून मोजलेले असतात. हा आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो, आणि बाबांनी त्यातलं दीड वर्ष काढलंय, स्कॅन स्वच्छ असतील तर आजपासून पुढचा अंदाज सुरुवातीच्या आकड्यापेक्षा चांगला असतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ असंच विचारा, "आजपासून पुढची पाच वर्षं कशी दिसतात?"

बाबांना सांगायचं का? आधी त्यांनाच विचारा की तुम्हाला किती जाणून घ्यायचंय. काहींना आकडा हवा असतो, काहींना फक्त पुढची तपासणी कधी एवढंच. टक्का हा शेकडो लोकांचा असतो, एका माणसाचं भविष्य त्यातून कळत नाही, हे मात्र दोघांनीही लक्षात ठेवा.

फॉलोअप चुकवू नका. पूर्ण जठर काढलं असेल तर व्हिटॅमिन बी12 कायम घ्यावं लागतं, बहुतेक वेळा इंजेक्शनने, अर्धं काढलं असेल तरी लेव्हल तपासत राहा. वजन पुन्हा उतरायला लागलं, घास अडकतोय किंवा पोट फुगतंय असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.