सहा फूट, सतरा सेकंद

प्रश्न: डिसेंबरात आम्ही हवाईच्या ओआहू बेटावर जात आहोत. मुलगा कर्नाटकात मुळकीला सर्फिंग शिकला आहे. ओआहूच्या लाटांच्या अंदाजात ‘वायव्येकडून ६ फूट, १७ सेकंद’ असं दिसतं. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या लाटा येतातच, मग सहा फुटांना घाबरायचं का? (एक वाचक, दादर)

उत्तर: साडेचार मीटर हा आकडा लाटेचा नाही. महापालिका जाहीर करते ती भरतीच्या पाण्याची पातळी. लाटा त्या पाण्यावर वेगळ्या. ओआहूला भरती-ओहोटीत मीटरभराचाही फरक पडत नाही, तिथे पाहायची ती लाटच.

आणि लाटेत सेकंद आधी पाहा. एका माथ्यामागून दुसरा माथा यायला लागणारा हा वेळ. १७ सेकंदांची लाट खोल पाण्यात सुमारे ४५० मीटर लांब असते, ८ सेकंदांची जेमतेम १००. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागतो. आपल्याकडे मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, तरी तिथे पाणी ७५ मीटरच्या आसपास. लाट तळ घासत, दमून येते. ओआहूला काही किलोमीटरवरच खोली शेकडो मीटर. लाट पूर्ण जोमाने येते आणि शेवटच्या टप्प्यात खडकावर एकदम उभी राहते. खोल पाण्यातले ६ फूट तिथे पुढून, म्हणजे किनाऱ्याकडच्या बाजूने मोजले, तर १० ते १२ फूट सहज होतात. शिवाय स्थानिक लोक उंची जुन्या पद्धतीने, लाटेच्या पाठीकडून सांगतात. त्यांचे ‘सहा फूट’ म्हणजे पुढून जवळपास दुप्पट. आकडा कोणत्या मापाचा, हे दर वेळी विचारा.

ही लाट उत्तर पॅसिफिकच्या हिवाळी वादळांतून निघते. १७ सेकंदांच्या लाटांचा गट ताशी सुमारे ४८ किलोमीटरने सरकतो, म्हणजे ३,००० किलोमीटरला अडीच दिवस. जास्त सेकंदांच्या लाटा आधी पोहोचतात. म्हणून काउई बेटाच्या वायव्येकडच्या ५१००१ क्रमांकाच्या बोयावर (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रावर) उंची कमी असली, पण सेकंद १८-२० वर गेले, तर समुद्र शांत दिसत असूनही मोठं पाणी वाटेवर आहे. फसगत होते ती इथेच: मोठ्या लाटांच्या दोन झुंडींच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं पाणी निवांत असतं, आणि नवखा नेमका तेव्हा उतरतो. काठावर निदान अर्धा तास उभं राहून झुंडी मोजा. वाळू ओली आहे तिथे समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका.

मुलासाठी स्पष्ट सांगतो: डिसेंबरात उत्तर किनारा, म्हणजे वायमिआ, पाइपलाइन, सनसेट, फक्त पाहायचा. शिकायला दक्षिणेचा वायकिकी. तिथली मोठी लाट उन्हाळ्यात, दक्षिण गोलार्धातून येते, डिसेंबरात नाही. आठ-नऊ फुटी मऊ फळी, फळी घोट्याला बांधायची दोरी फळीइतकीच लांब. पडताना पाय किंवा डोकं आधी टाकायचं नाही, आडवं पसरून पडायचं. खाली प्रवाळ उथळ असू शकतं.

प्रश्न: मग जुहूला जुलैत सराव केला तर? (वाचक, विलेपार्ले)

उत्तर: नको. नैर्ऋत्येचा वारा समुद्राकडून थेट अंगावर येतो, लाट धड उभी राहण्याआधीच मोडते. सेकंद कमी, त्यामुळे एकीतून वर येईतो दुसरी आदळते. समुद्राकडे परतणाऱ्या पाण्याची ओढ जबर असते. त्यात सापडलात, तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढ संपेपर्यंत जा, मग वळा. दम नसेल तर नुसतं तरंगत हात वर करा.