'स्ट्रॉबेरी फील्ड्स'मधलं स्वरमंडळ

प्रश्न : आमचा मुलगा बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' सारखं लावतो. परवा मेथी निवडताना त्यात मला स्वरमंडळ ऐकू आलं. हा भास असेल का? आणि मधूनच गाणाऱ्याचा आवाज जड होतो, तो कशानं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, भास नाही. ते स्वरमंडळच आहे, गवई मांडीवर घेऊन छेडतात ते तारांचं वाद्य. बीटल्स या इंग्लिश बँडमधला जॉर्ज हॅरिसन 1966 च्या सप्टेंबरात रविशंकरांकडे सतार शिकायला भारतात आला होता. परत गेल्यावर नोव्हेंबरात या गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. वरून खाली ओघळत येणारी ती सर त्याच्याच हातची. मिरजेत तंबोरे-स्वरमंडळं लावण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ती सर ऐकली की माझा हात आपोआप चावीकडे जातो. शेवटची तार लावेपर्यंत पहिली उतरलेली असते, हे वाद्यच तसं हट्टी.

गाणं बीटल्समधल्याच जॉन लेननचं, गाणारा आवाजही त्याचाच. लहानपणी लिव्हरपूलला घराजवळ स्ट्रॉबेरी फील्ड नावाचं मुलांचं अनाथालय होतं, त्याच्या बागेत तो खेळायचा. ती आठवण घेऊन त्यानं हे गाणं स्पेनमध्ये, एका चित्रपटात काम करताना लिहायला घेतलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो मला फार आवडला. गाणं दोन तऱ्हांनी मुद्रित झालं होतं. एक संथ, मोजक्या वाद्यांचं. दुसरं जलद, त्यात चार ट्रंपेट, तीन चेलो आणि आपलं स्वरमंडळ. लेननला पहिल्याची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा शेवट. पण लय वेगळी, पट्टीही वेगळी! गवयाला कुणी असं सांगितलं, तर तो बैठक सोडून उठेल. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांच्या हाती फक्त फीत, कात्री आणि यंत्राचा वेग. फीत हळू फिरवली की लय मंदावते आणि सूरही उतरतो. दुसरं मुद्रण जलदही होतं आणि चढ्या पट्टीतही, म्हणून एकाच उपायानं दोन्ही जुळलं. ते उलट असतं, तर काहीच करता आलं नसतं. पहिल्याचा वेग किंचित चढवला, दुसऱ्याचा उतरवला आणि जोड दिला.

तो जोड साधारण पहिल्या मिनिटाला आहे. तिथून पुढे लेननचा आवाज जड होतो, कारण फीत हळू फिरते आहे. त्याच फितीवर असल्यानं स्वरमंडळही उतरलंय. बॅटरी संपत आलेला टेपरेकॉर्डर आठवा.

घरी पेटी असेल, तर गाण्याचा षड्ज, म्हणजे 'सा', शोधून पाहा. पांढरी सहाच्या वर आणि काळी पाचच्या खाली कुठेतरी तो सूर आहे, पेटीत त्याला पट्टीच नाही. तंबोरा मात्र तिथे लावता येतो. मी लावलाय, आणि गाणं त्यावर नीट बसतं.