'कॉमन प्रेअर'मधला कॉमन : सामान्य, नेहमीचा की सामाईक?

प्रश्न असा आला आहे : एका इंग्रजी कादंबरीच्या अनुवादात 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' या चर्च ऑफ इंग्लंडच्या उपासना-पुस्तकाचा उल्लेख आहे. अनुवादकाने 'सामान्य प्रार्थनांचे पुस्तक' असे लिहिले, संपादकांनी ते बदलून 'नेहमीच्या प्रार्थना' केले. बरोबर कोणते?

माझ्या मते दोन्ही नकोत. इथला 'कॉमन' म्हणजे साधासुधा नव्हे आणि रोजचाही नव्हे. सर्वांनी मिळून करायची, सर्वांच्या मालकीची, म्हणून 'सामाईक प्रार्थना'. या शब्दाला सातबाऱ्याचा वास येतो हे खरे, पण मला तोच हवा आहे. सामाईक विहिरीचे पाणी प्रत्येकाला भरता येते, ती बुजवण्याचा हक्क मात्र एकट्यादुकट्याला नसतो.

हे पुस्तक 1549 साली इंग्लंडमध्ये निघाले. मुख्य हात कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांचा. तोवर उपासना लॅटिनमध्ये चाले, सॉल्झबरीची रीत वेगळी, यॉर्कची वेगळी, हेरफर्डची आणखी वेगळी, आणि पाळकापुढे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूपुढे, चार-पाच निरनिराळ्या पोथ्या. क्रॅनमरांनी ते सगळे एका पुस्तकात, इंग्रजीत आणले. सगळी स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून दिली. 1552च्या आवृत्तीत पापांगिकाराची प्रार्थना आली, ती पाळकामागोमाग सबंध मंडळीने गुडघे टेकून म्हणायची. 'कॉमन'चा खरा अर्थ या सूचनेत आहे. ऐकणारी मंडळी म्हणणारी झाली.

आता 'सामाईक' हे सर्वांनी मागितले होते का? मुळीच नाही. पुस्तक कायद्याने लादले गेले. 9 जून 1549 पासून ते सक्तीचे झाले आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टने गावात लोकांनी पाळकाला जुन्या लॅटिन विधीकडे परतायला भाग पाडले. कॉर्नवॉलच्या बंडखोरांचे म्हणणे होते की आमच्यातल्या काहींना इंग्रजी कळतच नाही. बंड चिरडताना हजारो मेले. तरीही शंभर वर्षांत चित्र असे पालटले, की 1645 साली पार्लमेंटने या पुस्तकावर बंदी घातली तेव्हा लोक ते लपूनछपून वापरत राहिले. 1662ची आवृत्ती चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आजही अधिकृत आहे.

ते लोकांच्या तोंडी बसले याचे श्रेय मी भाषेला देतो. त्या पापांगिकारात 'एर्ड अँड स्ट्रेड' अशी जोडी येते : चुकलो नि भरकटलो. अशा जोड्यांत एक शब्द देशी, दुसरा फ्रेंच, म्हणजे इंग्रजी बोलणारे सामान्य आणि फ्रेंच जाणणारे वरचे अशा दोन्ही वर्गांना कळावे, असे हमखास सांगितले जाते. पण या जोडीतले दोन्ही शब्द फ्रेंचमधूनच आले आहेत! जोडी कानासाठी आहे. शे-दोनशे माणसे एकत्र बोलतात तेव्हा त्यांना ठेका लागतो, श्वासाला जागा लागते.

अनुवादकाने सावध राहावे अशा जागाही आहेत. 'प्रिव्हेंट अस, ओ लॉर्ड' म्हणजे 'प्रभू, आम्हाला अडव' नव्हे, तर 'आमच्या पुढे चाल'. न्यायासंदर्भातले 'इनडिफरंटली' म्हणजे बेफिकिरीने नव्हे, निःपक्षपातीपणे. लग्नाच्या शपथेतले प्रसिद्ध 'टिल डेथ अस डू पार्ट' मुळात 'टिल डेथ अस डिपार्ट' होते. तेव्हा 'डिपार्ट'चा अर्थ 'वेगळे करणे' असा होता. तो मागे पडल्यावर 1662 साली त्याच्या पोटातून 'डू पार्ट' काढले. ठेका राहिला, अर्थही राहिला. अशी दुरुस्ती एखाद्या कोशकाराला सुचती तर मी त्याला लोटांगण घातले असते.

मराठीत याचे शब्द नव्याने घडवायची गरज नाही. मंडळी, पाळक, उपासना, प्रभुभोजन हे मराठी ख्रिस्ती समाजात रुळलेले आहेत. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात इथले अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले ख्रिस्तीही सामील झाले. तेव्हा ही परंपरा आपल्याला अगदी परकी नाही. 'लिटर्जी'ला 'उपासनाविधी' म्हणा. 'कर्मकांड' टाळा, त्यात नापसंती आधीच मिसळलेली असते.

कादंबरीत पहिल्या उल्लेखाला मूळ नाव देवनागरीत ठेवा, पुढे 'सामाईक प्रार्थनेचे पुस्तक'. 'प्रार्थनांचे' नको, एकवचनच ठेवा, कारण मूळ नावातही 'प्रेअर' एकच आहे.