दुसरा गाल की दुसरं गाव?

प्रश्न: पाळकसाहेब, सलाम. बायबलात मत्तय ५ मध्ये प्रभू येशू म्हणतो उजव्या गालावर कोणी मारली तर दुसरा पुढे कर, आणि मत्तय १० मध्ये म्हणतो एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. लूक २२ मध्ये तर अंगरखा विकून तलवार घ्या म्हणतो. मग नक्की करायचं काय? कामावर एकजण माझ्या धर्मावरून रोज टोमणे मारतो, हजेरीतही खोटं लिहितो. तक्रार केली तर पाप लागेल का?
– एक वाचक

उत्तर: सलाम भाऊ. आधी योहान १८ काढा, माझ्या मते तुमचं उत्तर तिथंच आहे. रात्रीची चौकशी चालू आहे, येशूला बांधून आणलंय, आणि शेजारी उभा असलेला शिपाई त्याला चपराक मारतो, प्रमुख याजकाला असं उत्तर देतोस का म्हणून. येशू काय म्हणाला? मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. शिवी दिली नाही, शाप दिला नाही, पण गप्पही बसला नाही, आणि गालाचं वचन सांगणारा तोच ना!

त्या वचनातला 'उजवा' शब्द पण बघा. समोरचा उजव्या हाताने मारणार तर आपल्या उजव्या गालावर उलटा हात बसतो, म्हणजे पाणउतारा. त्याची परतफेड करू नको, एवढंच तिथं सांगितलंय.

तलवारीचं वचन अवघड आहे, मान्य. पण शिष्य म्हणाले दोन आहेत, तर तो म्हणाला पुरे. दोन तलवारींनी कसली लढाई होणार? आणि त्याच रात्री एका शिष्याने प्रमुख याजकाचा चाकर मल्ख याचा कान कापला तेव्हा येशूने त्याला थांबवलं, कान बरा केला.

आता पळण्याचं. येशूचा प्रेषित पौल तर दिमिष्कातून (आजचं दमास्कस) टोपलीत बसून तटावरून खाली उतरून निसटला. पुढे यरुशलेमात फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने सरळ विचारलं, रोमन नागरिकाला चौकशीशिवाय मारणं कायद्यात बसतं का. आणि हाच पौल रोमकरांना पत्रात लिहितो की सूड घेऊ नका, वैरी भुकेला असेल तर खायला घाला.

तेव्हा भाऊ, तक्रार बिनधास्त करा, पाप नाही. फक्त घडलं तेवढंच लिहा, मीठमसाला नको, आणि अर्ज देण्याआधी त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा, जड जाईल पण करा. हजेरीच्या पानांची झेरॉक्स मात्र आजच काढून ठेवा.