घरचा पीसी दहा वर्षं टिकवायचाय, प्रोसेसर आणि मदरबोर्ड कुठला घेऊ?

प्रोसेसरचं टेन्शन सोडा हो, तो सहसा जात नाही. एसएमपीएसबद्दल, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला लागेल तशी करून देणाऱ्या पॉवर सप्लायबद्दल, मात्र तुमच्या प्रश्नात एक अक्षर नाही आणि माझं दुखणं नेमकं तिथंच आहे.

माझा पहिला पीसी थोरल्या भावानं जोडून दिला. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, वर ५०० वॉट छापलेलं. मी म्हटलं, हा हातात रिकाम्या डब्यासारखा लागतोय, तर दादा म्हणे त्यात काय बघायचंय, पैसे ग्राफिक्स कार्डात घालू. वर्षभर चालला. मग स्क्रीन मधेच काळी व्हायला लागली, की दादा विंडोज परत टाकणार, रॅम काढून खोडरबरनं घासणार, असं दोन महिने. एका रात्री फट्ट आवाज, जळका वास, सगळं गार. एसएमपीएस उघडून बघितला तर आतल्या दोन कपॅसिटरची (वीज साठवणारे छोटे नळकांडे) डोकी टम्म फुगलेली, एकाच्या फटीतून तपकिरी काहीतरी येऊन सुकलेलं. जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्कपण घेऊन गेला, फोटो गेले ते गेलेच. दादा अजून म्हणतो व्होल्टेज वरखाली झालं असेल. अरे मग त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेला मॉनिटर कसा जिवंत राहिला?

तर एसएमपीएस ७ किंवा १० वर्षं वॉरंटीवालाच घ्या, आत १०५ डिग्रीपर्यंत तापमान सोसणारे कपॅसिटर असलेला, ८५ वाले नकोत. ८० प्लस गोल्डच्या स्टिकरवर भाळू नका, तो वीज किती वाया जाते ते सांगतो, टिकेल किती ते नाही. आणि हवा खेळती ठेवा, उष्णता १० डिग्रीनं उतरली की कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. त्याचा फॅन स्लीव्ह बेअरिंगचा (बॉलऐवजी नुसत्या नळीत फिरणारा) नको. एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारी चिपवाली ड्राइव्ह) लिहून लिहून झिजेल ही भीती उगाच आहे, १ टीबीच्या बऱ्याच ड्राइव्हना ६०० टीबी लिहिण्याची हमी असते, रोज ५० जीबी लिहिलंत तरी तीस वर्षं पुरेल, अर्थात दुसऱ्या कारणानं ती उद्याही जाऊ शकते म्हणून बॅकअप हवाच. मदरबोर्ड मधल्या रेंजमधला कुठलाही चालेल, व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंक (उष्णता खेचणारा धातूचा तुकडा) असला म्हणजे झालं.

हो, आणि माझ्यासारखा एसएमपीएस उघडू नका, प्लग काढला तरी आत करंट साठलेला असतो.

नंतर घेतलेल्या एसएमपीएसला नऊ वर्षं झाली, मधे बोर्ड बदलला, प्रोसेसर बदलला, तो तोच आहे. दादानं मागच्या महिन्यात नवीन पीसी जोडलाय, एसएमपीएस कुठला टाकला विचारलं तर विषय बदलतोय.